रविवारची होडी

नुकुआलोफा, ३ ऑगस्ट

केलेपी,

हे पत्र एकटा असताना वाच. तिकडे परदेशात, द्राक्षमळ्यातल्या बराकीत सगळ्यांना वाचून दाखवायचं हे पत्र नाही. आणि अर्ध्यावर थांबून फोन करू नकोस, कारण तुझा आवाज आला की मी पुन्हा 'बरा आहे, दूध पितो' एवढंच म्हणेन. तू बारा वर्षांचा झालास आणि बाबांनी तुझं अंथरूण मागच्या खोपटात नेलं, त्यानंतर आपण एका छपराखाली साधा टीव्हीसुद्धा पाहिलेला नाही. पडद्यावर कुणी कुणाला जवळ घेतलं तर भावाबहिणीने कुठे बघायचं? आणि आता मला तुला तुझ्या मुलाच्या गुदद्वाराबद्दल लिहायचं आहे.

लिहिला शब्द. पुढचं सोपं जाईल अशी आशा करते.

तुझ्या मुलाच्या पोटात गाठ नव्हती. त्याला जन्मतः गुदद्वारच नव्हतं. तू ज्याला 'हो' म्हणालास ते हे नव्हे, हे मला कळतं, आणि फोटोत त्याच्या पोटावरची पिशवी पाहून तू फोन भिंतीवर आपटलास हे लुपेने मला सांगितलं. म्हणून काय झालं ते पहिल्यापासून सांगते.

शनिवारी पहाटे लुपे बाळंत झाली तेव्हा बेटावरची नर्स रजेवर होती. दवाखान्यात आरोग्यसेवक साइया एकटा. तो लुपेच्या मामाचा मुलगा, म्हणजे आपल्या हिशेबात तिचा भाऊच. बहीण बाळंत होतेय म्हटल्यावर तो खोलीत पाऊल कसं टाकणार? पायरीवर बसून राहिला. आत लुपेची आई मेलेआने होती आणि सुईण होती. बाळ गुंडाळून दारातून त्याच्या हातात दिलं. त्याने छाती ऐकली, तोंडात बोट घालून टाळू पाहिली, हातापायांची बोटं पाहिली. कमरेखाली उघडलं नाही. दारात लुपेच्या माहेरच्या बायका बसल्या होत्या, पडद्याआड स्वतः लुपे. 'शी-शू सगळं झालंय हो, लंगोटाला डाग आहे,' बायका म्हणाल्या. त्याने कागदावर खूण केली आणि बाळ परत दिलं.

मी त्याला दोष देत नाही. बाळ तपासणं त्याचं काम होतं आणि ते त्याने अर्धं केलं, हे खरं. पण माझ्या वॉर्डात तुझी बायको असती आणि तू दारात उभा असतास, तर मी तरी तुझ्यादेखत ते दुपटं उघडलं असतं का, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर त्याचा फोन आला. पोट फुगलंय, दूध ओकतोय, ओकारी हिरवी आहे.

"शी केली होती ना?" मी विचारलं.

"केली म्हणतात बायका. हिरवट काळा डाग आहे."

"कुठे आहे? लंगोटाच्या पुढे की मागे?"

त्याने आवाज एकदम खाली आणला.

"ताई, असं कसं विचारता? लुपे माझी बहीण लागते."

"डाग लुपेला नाही लागलेला, साइया. लंगोट हातात घे आणि सांग."

तो गेला, परत आला. "पुढे आहे. मागे कोरडा आहे."

"आता बाळ उघडून बघ."

या वेळी जास्त वेळ लागला. मागे बायकांचा आवाज वाढला, मग एकदम बंद झाला. "मागे नुसती कातडी आहे, ताई," तो म्हणाला. "खोलगट रेघ आहे. भोक नाही."

पुढे डाग म्हणजे शी लघवीच्या वाटेने येत होती. आतडं खालपर्यंत पोचलंच नव्हतं, मूत्रमार्गाला जाऊन चिकटलं होतं. वाट इतकी बारीक की थेंब उतरतो, बाकी सगळं आत साठतं. अशा बाळाच्या हातात फार वेळ नसतो. आतडं फाटलं की संपलं. आणि तो रविवार. विमान उडत नाही, बोट सुटत नाही.

होडीवाल्या फोलाऊने होडी काढली. पाद्रीबुवा किनाऱ्यावर येऊन म्हणाले, "देवाच्या दिवशी इंजिन?" तर तो म्हणाला, "बुवा, देवाने मला विचारलं तर मी तुमच्याकडे बोट दाखवीन. त्यापेक्षा तुम्हीच परवानगी देऊन टाका." त्यांनी दिली. बाळाच्या नाकातून नळी घालून साइया सिरिंजने पोट रिकामं करत होता, लुपे होडीच्या काठाला पाठ टेकून बसली होती, समुद्र चांगलाच खवळला होता.

इथे राजधानीच्या हॉस्पिटलात आल्यावर आम्ही आधी अन्ननलिका मोकळी आहे का ते पाहिलं, मग हृदय, मूत्रपिंडं, पाठीचा कणा. हा दोष पुष्कळदा एकटा येत नाही. डावं मूत्रपिंड किंचित सुजलेलं, बाकी सगळं ठीक निघालं. मग आमचे सर्जन डॉ. तालिआई म्हणाले, आतडं पोटावर काढून शीला वाट करून देऊ, खालची वाट पुढे शांतपणे बनवता येईल. लुपे म्हणाली, "त्यांना विचारा."

तुला विचारायचं कुणी? मी तुझी बहीण. म्हणून फोन साइयाच्या हातात दिला. त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लुपे, त्याची बहीण. आम्हां दोघींसमोर त्याने तो शब्द उच्चारायचा तरी कसा? तो म्हणाला, "पोटात छोटी गाठ आहे, काढून टाकतील." मी ते ऐकलं. फोन काढून घेतला नाही. तू म्हणालास, "ताईला योग्य वाटेल ते करा." तुझ्या त्या वाक्यावर ऑपरेशन झालं. बाळ वाचलं. पण ते वाक्य मी तुझ्याकडून खोटा माल दाखवून घेतलं.

आता खरं विचारते. मेलबर्नहून मुलांच्या सर्जनचं पथक ऑक्टोबरच्या मध्यावर इथे येतंय. वर्षातून एकदाच येतात, एका आठवड्यासाठी. ते आतडं खाली आणून गुदद्वार बनवू शकतात. तुझ्याशिवाय लुपे सही करणार नाही. तू हो म्हण, पण या वेळी कशाला म्हणतोयस ते कळून म्हण.

तुमच्या लग्नावरून मी कधीच रागावले नव्हते, हेही जाता जाता सांगते.

कालोलाइने


नुकुआलोफा, २१ ऑगस्ट

केलेपी,

तुझं उत्तर लुपेच्या फोनवर आलं. तिने वाचून दाखवलं नाही, फोनच माझ्यापुढे धरला. "तिला सांग, पुन्हा सुरी लावायची नाही. लग्नात तिची मानाची चटई रिकामी राहिली त्याचा सूड माझ्या पोरावर नको." काल लुपे बाळाला घेऊन बेटावर परत गेली. धक्क्यावर मी गेले होते. ती रडली नाही, मीही नाही. तिच्या पिशवीत पोटावर लावायच्या पिशव्या भरून दिल्या, होत्या तेवढ्या.

सुडाचं तू लिहिलंस, तर तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. ऑपरेशनच्या सकाळी तुझी सासू वॉर्डात आली. कमरेला माफी मागताना गुंडाळतात तशी जुनी फाटकी चटई, काखेत भेट द्यायची बारीक विणीची मोठी चटई. माझ्यासमोर फरशीवर बसली, मान खाली. सगळा वॉर्ड बघतोय.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही बाळाची आत्या. तुमचा मान आम्ही ठेवला नाही. राग आमच्यावर काढा, पोराला मोकळं करा."

"मेलेआने, उठा बघू. हे रागाने होत नाही. लुपेला दिवस गेलेत हे नीट कळायच्या आत हे पोटात घडून गेलेलं असतं."

"तेव्हाच तर लग्न झालं," ती म्हणाली.

तिचा हिशेब माझ्याहून चोख होता. मागच्या पत्रात मी लिहिलं की रागावले नव्हते. ते खोटं. लग्न ठरल्याचं मला चर्चमध्ये दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, मग मी लग्नाला आले नाही, आणि माझी चटई तुम्ही रिकामी ठेवलीत की मीच ठेवली, हे आजही सांगता येत नाही. म्हणून मी मेलेआनेला खरं तेच सांगितलं.

"राग होता. पण माझ्या रागाने कुणाचं गुदद्वार बंद होत नाही. तसं होत असतं तर तुमच्या अर्ध्या गावाला आज पिशव्या लागल्या असत्या."

पलंगावर लुपे फिसकन हसली, मग टाके दुखले म्हणून कळवळली, मग रडायलाच लागली. मेलेआने हसली नाही. "चटई तरी घ्या," म्हणाली.

चटई घेतली तर राग खरा ठरतो. न घेतली तर ती मुलीला आणि नातवाला उठवून घेऊन जाते, आणि दुपारपर्यंत आतडं फाटतं. मी चटई घेतली. डोकं लववून घेतली, आत्या घेते तशी. हे खोटं बोलणं झालं का? मी रोज स्वतःला विचारते. कधी वाटतं, झालं. कधी वाटतं, तिला माफी हवी होती आणि माफी माझ्याकडे होती, मग ती द्यायला काय हरकत?

"आता नाव," ती लगेच म्हणाली. "आत्याने ठेवायचं असतं. 'लुपेचं बाळ' म्हणून नको त्याला आत न्यायला."

मी वाकासापाते ठेवलं, रविवारची होडी. फोलाऊ खूश आहे, पाद्रीबुवा नाहीत. सगळे वाकाच म्हणतात. तुला हे नाव कुणी सांगितलं की नाही कोण जाणे.

ऑक्टोबरला फार दिवस नाहीत. मला लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

कालोलाइने


बेटावरून, ११ सप्टेंबर

केलेपी,

हे तुझ्या सासूच्या ओट्यावर बसून लिहिते आहे.

परवा साइयाने फोटो पाठवला. वाकाचं पोटावरचं आतडं बाहेर घसरलं होतं, उलटलेल्या बाहीसारखं, बाळाच्या मनगटाहून जाड. रंग फोटोत कळेना. लाल असेल तर थांबता येतं, काळं पडत असेल तर नाही. मी साइयाला विचारलं, तो म्हणाला, "जांभळं म्हणू का, ताई? मला नीट सांगता येत नाही." मी सकाळची बोट पकडली.

पिशव्या संपल्या होत्या. मेलेआनेने आतडं आत राहावं म्हणून जुन्या चादरीची पट्टी पोटाला आवळून बांधली होती. चांगल्यासाठीच. पट्टीनेच ते अडकलं आणि सुजलं. मी पट्टी कापली तेव्हा ते गडद जांभळं होतं. वाका रडत होता, आणि रडला की आणखी बाहेर येत होतं. हाताने सारायला गेले तर बसेना, सूज फार.

"साखर आणा," मी म्हणाले.

"कुणाला चहा पाजताय?" मेलेआने.

"आणा हो!"

तिने डबा आणला. मी मुठीने साखर त्या आतड्यावर ओतली, सगळीकडून थापली. साखर सूज ओढून घेते. ही युक्ती खरी आहे, पुस्तकातली आहे, पण बेटावरच्या स्वयंपाकघरात, आजीच्या देखत, ती कशी दिसते ते मी तुला काय सांगू.

"जॅम करताय की काय माझ्या नातवाचा?"

लुपे म्हणाली, "आई, गप्प बस जरा." तिने आईला असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आम्ही वाट पाहिली. लुपेने बाळाला छातीशी लावलं, म्हणजे तो रडायचा थांबेल. साखरेचं पाणी होऊन ओघळत होतं, मुंग्या यायला लागल्या, साइया त्या पुसत होता. या वेळी तो खोलीच्या आत होता. लुपे पाजत होती, तो तिच्याकडे पाठ करून मुंग्या पुसत होता. हळूहळू रंग उजळला. मी दोन बोटांनी मधोमध दाबलं, आणि ते आत गेलं, उलटलेला मोजा सरळ करावा तसं.

हे पुन्हा होईल. आणि दुसरं: त्याला मागच्या आठवड्यात ताप होता, सर्दीचा समजून कुणी बोललं नाही. सर्दीचा नव्हे. आतडं अजून मूत्रमार्गाला जोडलेलं आहे, तिथून घाण वर चढते. त्याचं डावं मूत्रपिंड आधीच सुजकं आहे. पथकाची ही खेप हुकली तर पुढच्या वर्षापर्यंत ते किती उरेल मला माहीत नाही. घाबरवायला लिहीत नाही. किंवा लिहिते आहे. तूही घाबरावंस असं वाटतं, इथे सगळे एकटे घाबरतायत.

लुपेने विचारलं, "ताई, आज त्यांचा फोन आला तर काय सांगू?"

"जे पाहिलंस ते."

"साखरेचंसुद्धा?"

"आधी साखरेचंच सांग."


नुकुआलोफा, १ ऑक्टोबर

केलेपी,

तुझा प्रश्न आला. "मोठा झाल्यावर त्याला कळेल का, शी आलीय ते?" लुपेला विचारलास, पण शेवटी 'ताईला दाखव' असं लिहिलंस. तू हे मला विचारलंस यावर मी काही म्हणत नाही. उत्तर देते.

नक्की सांगता येत नाही.

त्याचं माकडहाड नीट घडलेलं आहे, मागे खोलगट रेघ आहे, आवळून धरणारा स्नायू आहे असं वाटतं. अशी बहुतेक मुलं शिकतात, इतरांपेक्षा उशिरा. बद्धकोष्ठाचा त्रास होईल, बराच. काहींना रोज एनिमा घ्यावा लागतो आणि ती मुलं शाळेत जातात, रग्बी खेळतात, कुणाला पत्ता लागत नाही. थोड्यांना कळतच नाही. वाका यांतला कोण, ते तीन-चार वर्षांनी समजेल. ऑपरेशनमध्ये मूत्रमार्गाला इजा होऊ शकते. भूल देताना बाळ जाऊ शकतं. तसं क्वचित होतं, पण होतं.

साइयासारखं गोड उत्तर मलाही देता आलं असतं, आणि तू एव्हाना हो म्हणाला असतास.

आणखी एक गोष्ट तुला कळायला हवी. मेलेआने मला म्हणाली, "तुम्ही कशाला थांबलात? तुम्ही आत्या. तुम्ही नुसतं म्हणा, हे मूल मी नेते, कोण अडवतंय?" खरं आहे. कुणी अडवणार नाही, तूसुद्धा नाही. चर्चच्या दारात उभी राहून मी तुझ्या घरातलं डुक्कर, तुझी चटई, तुझा मुलगा मागू शकते आणि तुला मान खाली घालून द्यावं लागेल. मी आजवर तुझ्याकडे असं काही मागितलेलं नाही. हा हक्क वापरून मिळालेला होकार मला नको आहे. मला माझ्या पेशंटच्या बापाचा होकार हवा आहे.

पण पथक येईल त्या तेरा तारखेपर्यंत तू गप्प राहिलास तर मी तो वापरणार नाही, असं काही मी लिहून देत नाही. मला स्वतःचा भरवसा नाही. नंतर तू म्हणायला नको की ताईने पाठीमागून केलं.

कालोलाइने


नुकुआलोफा, १५ ऑक्टोबर

केलेपी,

तुझी सही मिळाली. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवून केलेली, खाली मातीचा अंगठा उमटलेला. "सगळं वाचलं. दोनदा. करा." एवढंच. मी तो फोटो छापून फाईलला लावला तर ऑफिसातला माणूस म्हणाला, अंगठ्याची गरज नव्हती. मी म्हटलं, असू दे.

आज सकाळी त्याला आत नेलं. मी नातेवाईक, म्हणून आत जायची मला परवानगी नाही, हा नियम मीच वॉर्डात इतरांना सांगत आले. बाहेरच्या बाकावर लुपे, मेलेआने आणि मी. मेलेआनेने अळूच्या पानातलं मांस आणलं होतं, नारळाच्या दुधात शिजवलेलं. कुणी खाईना, तर ती चिडली. "उपाशी बसून आतडी जुळतात का?" मग तिघींनी खाल्लं. दार उघडलं की तोंडातला घास तसाच थांबायचा. दोनदा नर्सच बाहेर आली, दोनदा दुसऱ्याच कामासाठी.

मेलबर्नच्या पथकातल्या डॉ. ब्रेनन बाहेर आल्या तेव्हा टोपी काढत होत्या. त्यांनी सांगितलेलं तसंच लिहिते. त्याला पालथं ठेवून मागे मधोमध उघडलं. बारीक विजेचा काटा लावून स्नायू कुठे आवळतो ते पाहिलं. आवळतो, केलेपी, चांगला आवळतो. मूत्रमार्गाची जोड सोडवली, शिवली. आतडं खाली आणून त्या स्नायूच्या बरोबर मध्ये बसवलं. आता तिथे भोक आहे.

लुपेला त्यांच्या इंग्रजीतलं फारसं कळलं नाही, तिने मलाच विचारलं, "झालं?"

"हे झालं," मी म्हणाले. सगळं झालं असं म्हणवेना. नवीन वाट वापरात यायला वेळ आहे. पोटावरची पिशवी अजून काही महिने राहील, खालचं भरून येईपर्यंत. आणि भरून येताना ते भोक आवळून बंद व्हायला बघेल. रोज धातूची सळई घालून रुंद ठेवावं लागेल. ते कोण करणार ते अजून ठरलेलं नाही.


नुकुआलोफा, २० नोव्हेंबर

केलेपी,

काल तू फोनवर ओरडलास, त्याबद्दल.

लुपे बाळाला घेऊन माझ्याकडेच राहते, हे तुला माहीत आहे. सकाळ-संध्याकाळ सळई असते. गुळगुळीत, गोल टोकाची, जेली लावलेली. दर आठवड्याला थोडी जाड. पहिले दिवस मी करत होते. मग मी लुपेला म्हटलं, तू शिक. ती सळई हातात घ्यायची आणि तशीच परत खाली ठेवायची. "मी त्याची आई आहे, ताई. मला नाही जमणार असं करायला."

"म्हणूनच जमायला हवं. मी दिवसभर वॉर्डात. एक दिवस चुकलं की दोन दिवस मागे."

आता ती करते. भजन म्हणत करते, एक कडवं संपेपर्यंत सळई आत. काल तिसऱ्या ओळीवर तुझा फोन आला, तिने खांद्याने कानाला दाबला. वाका किंचाळत होता. तू ओरडलास, "काय करताय त्याला? थांबवा! ताईला दे फोन!"

आणि लुपे म्हणाली, "तुम्ही फोन ठेवा. कडवं राहिलंय."

मी दारात होते. खरं सांगू, मला हसू आलं आणि भीतीही वाटली. पण तू ठेवलास फोन. मग अर्ध्या तासाने परत केलास आणि विचारलंस, "झालं का कडवं?" लुपे म्हणते, तू रडत होतास. मी तिला म्हटलं, हे मला सांगायचं नसतं. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा, भाऊ-बहीण. मी दोघांच्या मध्ये किती दिवस उभी राहू?"

या आठवड्यात सळई अडते आहे. एक आकार खाली यावं लागलं. जखम आवळते आहे. उलट दिशेला जायला लागलं तर पुन्हा चाकू. अजून तसं म्हणत नाही. पण रोज संध्याकाळी मी दार लावून त्या भजनाच्या ओळी मोजते.


नुकुआलोफा, ४ फेब्रुवारी

केलेपी,

डिसेंबरात सळई पुन्हा पुढे सरकली हे तुला लुपेने कळवलंच. काल डॉ. तालिआईंनी पोटावरचं तोंड बंद केलं. आतडं जोडून आत टाकलं, वर शिवलं. पोट आता सपाट आहे, एक आडवी जखम फक्त. मेलेआने त्यावर हात फिरवायला गेली तर नर्स तिच्यावर ओरडली, आणि ती नर्सवर.

आता परत जायला वाट नाही. शी आली तर नव्या वाटेने येईल, नाही तर येणार नाही.

आज काही नाही. पोट फुगलेलं नाही, पण मऊही नाही. मी कान लावून ऐकते, तर आत शांत. शांत असणं पहिल्या दिवशी ठीक आहे. मीच आयांना हे सांगते. आज मला ते पटत नाही. जोड गळत असेल का, नवीन भोक खरंच पुरेसं आहे का, सळई मी एक आकार आधीच थांबवली का? डॉ. तालिआई म्हणाले, "कालोलाइने, घरी जा. तू आज डॉक्टर नाहीस." मी गेले नाही.

लुपेने मघाशी विचारलं, "ताई, नाहीच झाली तर?"

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला आणि म्हणाली, "नाही, सांगा. मला गोड नको."

मग सांगितलं. पुन्हा उघडावं लागेल, पुन्हा पिशवी. तिने मान हलवली आणि लंगोट बघायला गेली. कोरडा.

तू द्राक्षांची तोडणी संपेपर्यंत थांबणार असं कळवलंस. ठीक आहे. इथे असतास तरी तूही लंगोटच बघत बसला असतास.


नुकुआलोफा, ६ फेब्रुवारी

केलेपी,

शी झाली. मागे.

आधी वारा सरला, इतका मोठा की शेजारच्या पलंगावरचं मूल दचकलं. मग शी. पिवळी, पातळ, जागच्या जागी. लुपेने लंगोट उघडला आणि दोन्ही हातांनी वर धरला, चर्चमध्ये दानाची परडी धरतात तसा, आणि वॉर्डभर फिरली. मेलेआने मोठ्याने प्रार्थना करायला लागली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मी डॉक्टर आहे आणि सगळे बघत होते.

त्यानंतर तो थांबलेलाच नाही. आधी सांगायला हवं होतं: सुरुवातीला आतड्याला सवय नसते, सारखी होते. मोजणं सोडलं. जन्मापासून त्या कातडीला कधी शी लागलेली नव्हती, त्यामुळे ढुंगण भाजल्यासारखं लाल झालंय. मलम लावायचं, कोमट पाण्याने धुवायचं, वारा घालून सुकवायचं, की तो पुन्हा करतो. लुपे बसल्या बसल्या झोपते आहे. मेलेआनेची कंबर धरली. माझ्या हातांना तोच वास आहे, आज मी त्याच हातांनी वॉर्डात राऊंड घेतला.

द्राक्षं दुसरं कुणीही तोडेल. तिकीट काढ. माझ्या घरी उतर, माझ्याच छपराखाली, आणि तुझ्या मुलाचं ढुंगण तू धू.

ताई